लाल शाईतलं वाचू नकोस

निमोणे, ३ जून २०२५

आण्णा,

पाया पडतो. फोन लावला की तुम्ही तो कानाला धरता, पण 'हॅलो'सुद्धा म्हणत नाही. मी इकडून एकटाच बडबडत राहतो आणि मग ताईचा आवाज येतो, "रवी, आण्णांनी फोन खाली ठिवला बघ." शेवटी तिनंच सुचवलं, "पत्र लिही. माझी सायली वाचून दाखवंल. ऐकायचं न्हाई वाटलं तर आण्णा उठून गोठ्यात जातील." म्हणून लिहितोय. आयटीआय सुटल्यापासून हातानं एवढं लिहिलेलं नाही. अक्षराला सायलीनं हसू नये.

इकडं सगळं ठीक आहे. हर्षदा तिसरीत गेली. नीलमची कंबर बरी आहे. कंपनीतही ठीक चाललंय. सध्या थोडा ब्रेक आहे म्हणून घरी असतो, त्यामुळे पत्र लिहायला वेळ मिळाला.

तुम्ही ताईकडं कासुर्डीला गेलात त्याला आता तीन वर्षं होतील. गावात लोक विचारतात, "बन्सीदा लेकीच्याच दारात ऱ्हानार का आता?" मी सांगतो, दाजींना रानात माणूस लागतो म्हणून राहिलेत. खरं कारण तुम्हाला ठाऊक आहे आणि मला. मेंढरं विकायला मीच लावली. "पर्मनंट झालेल्याच्या बापानं घोंगडं खांद्यावर टाकून रानोमाळ हिंडायचं का?" हे मीच म्हणालो होतो, आणि तेही चार पाहुण्यांच्या देखत. त्याची माफी मागायची राहिली होती. या पत्रात मागतो.

तुमचा
रविराज

(सायली, हे लाल शाईतलं आण्णांना वाचू नकोस. इथून पुढं निळं त्यांचं आणि लाल तुझं. ब्रेक थोडा नाही. दोन दिवाळ्यांपूर्वीचा आहे. तू आयटीआय केलंयस, तुला कळेल. कॉन्ट्रॅक्टच्या कामगाराला सात महिने झाले की पंधरा दिवस घरी बसवतात आणि पुन्हा नव्यानं घेतात, म्हणजे त्याला कधी हक्क सांगता येत नाही. बारा वर्षांत मला वीसेक वेळा असं बसवलं आणि दर वेळी परत घेतलं. शेवटच्या वेळी घेतलं नाही. पर्मनंट मी कधी नव्हतोच. 'पुढच्या लॉटमध्ये तुझं नाव आहे' असं साहेब म्हणाले होते, तेवढ्यावर मी घरी पेढे आणले आणि आण्णांची ऐंशी मेंढरं गेली. ताईला सांगू नकोस, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. एका माणसाला तरी खरं सांगावं असं वाटलं, म्हणून तुला सांगितलं.)


निमोणे, २४ जून २०२५

आण्णा,

पत्र वाचताना तुम्ही उठून गेला नाहीत, नुसती पाठ फिरवून बसलात, असं सायलीनं कळवलं. मला तेवढंही पुष्कळ आहे.

तुम्ही तिला विचारलंत म्हणे, "ब्रेक म्हंजी काय गं? रानात मेंढरं बसिवत्यात तसं का?" अगदी तसंच, आण्णा. ज्याचं रान असेल त्याच्या रानात चार रात्री बसवायची, मग उठवायची आणि पुढच्या रानात न्यायची. मलाही उठवतील लवकरच. साहेब चांगले आहेत.

म्हाळूमामा परवा पारापाशी भेटले. त्यांनी अजून पंधरा-वीस मेंढरं ठेवलीत. "तुजा बा कवा येनार? आमाला तंबाखू मळून द्याया कोन न्हाई," म्हणाले. विहिरीला पाणी बरं आहे. तुमची खोली नीलम रोज झाडते.

रविराज

(सायली, मामीला माहीत आहे का असं तू विचारलंस. आहे. कसं कळलं ते ऐक, हसू आलं तर हस. सुरुवातीला तिलाही सांगितलं होतं की ब्रेक संपला. रोज पहाटे कंपनीचा शर्ट घालायचा, डबा घ्यायचा आणि शिरूरच्या स्टँडवर जाऊन बसायचं. डबा तिथंच खायचा आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी यायचं. तळेगाव ढमढेऱ्याचा बाजार असला की तिकडं जायचो, कारण बाजाराच्या गर्दीत रिकामा माणूस कुणाच्या डोळ्यावर येत नाही. असे चार महिने काढले. एका सकाळी शर्ट घालून डबा मागितला, तर मामी भाकरी थापता थापता म्हणाली, "आज गुरुवार हाय." आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची. नोकरी करणारा माणूस स्वतःचं नाव विसरेल पण गुरुवार विसरणार नाही. मी तसाच दारात उभा राहिलो. ती भाकरी थापत राहिली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या सोमवारपासून ती कारेगावला मेसवर पोळ्या लाटायला जाते. माझ्याबरोबर काम करणारी पोरं तिथं जेवायला येतात. "वहिनी, रवीदादा काय करतोय सध्या?" असं विचारतात, आणि ती सांगते की धंद्याचं बघतोय.)


निमोणे, १५ जुलै २०२५

आण्णा,

तीन वर्षांत तुमचा पहिला निरोप आला. सायलीनं तुमचे शब्द तसेच्या तसे लिहून पाठवले: "रव्याला लिव्ह. पोरीला तुज्या कंपनीत चिकटव म्हनावं. मेंढरं गेली ती गेली. त्या कंपनीनं माज्या घरातलं आनिक एक मानूस पोसलं तर समदं फिटलं आसं समजंन आन् निमोन्याला यीन." मी हे नीलमला वाचून दाखवत होतो. मला वाचवेना म्हणून उरलेलं तिनंच वाचलं.

साहेबांशी बोललो. सायलीचे कागद मागवलेत. इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेली मुलगी म्हटल्यावर ते खूश झाले. महिनाभर लागेल, मोठ्या कंपनीत वेळ लागतोच. तुम्ही काळजी करू नका. तुमच्या खोलीला चुना देऊन ठेवतो.

रविराज

(सायली, मला माफ कर. 'नाही' लिहायला पेन उचलला होता, पण हातानं 'हो' लिहिलं. आण्णा परत येतो म्हणाले गं. एक महिना मला दे. मी रोज हिंडतोय. काल एका लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या दारात उभा होतो, तो कागद न बघताच म्हणाला, "तीस के ऊपर नहीं चाहिए, भैया." मी छत्तीसचा. म्हातारा नाही आणि तरणाही नाही. परवा शिरूरला वॉचमनच्या जागेसाठी गेलो, तर तिथं मिलिटरीतून रिटायर झालेला लागतो. निमोण्यात लोकांच्या रानात कांदा लावायला जाता येईल, पण बन्सी धनगराचा कंपनीवाला पोरगा कांदा लावताना दिसला की संध्याकाळपर्यंत ते कासुर्डीला पोचेल.

एक गोष्ट तुला सांगतो, कुणाला बोलू नकोस. गेल्या आठवड्यात घोडनदीच्या पुलावर बराच वेळ उभा होतो. खाली बघत होतो. मग हर्षदाची शाळा सुटायची वेळ झाली म्हणून परत फिरलो. आण्णांना हे सगळं कळलं तर मी कुठं तोंड दाखवू? तूच मला सांभाळून घे.)


निमोणे, ५ ऑगस्ट २०२५

आण्णा,

सायलीच्या कामाचं थोडं लांबलंय. आमचे साहेब रजेवर आहेत, आले की पहिलं तेच करतो.

कुरकुंभच्या कंपनीतून तिला अप्रेंटिसचं बोलावणं आलं होतं आणि तुम्ही नको म्हणालात, असं कळलं. "वासाच्या कंपनीत कशाला? मामाची कंपनी आस्ताना पोरीला केमिकलात घालायची का?" असं म्हणालात म्हणे. आण्णा, बरं केलंत. इथं चांगलं होईल तिचं.

रविराज

(सायली, 'बरं केलंत' हे लिहिताना मला स्वतःची किळस आली. पण दुसरं काय लिहिणार होतो? 'जाऊ द्या तिला' म्हटलं असतं, तर आण्णांनी विचारलं असतं की तुझ्या कंपनीचं काय झालं. तूच त्यांना सांग ना, की मला कुरकुंभलाच जायचंय. मैत्रीण आहे म्हण, दौंडवरून बस आहे म्हण. तू हट्ट केलास तर ते ऐकतील. माझं नाव मध्ये येऊ न देता जमव. जॉइन व्हायची तारीख कधीची आहे?)


निमोणे, १९ ऑगस्ट २०२५

सायली,

आज तुझ्याशीच बोलतो. आण्णांना वाचून दाखवायला यात काही नाही.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. तारीख अकरालाच निघून गेली, हे मला माहीत नव्हतं. यवतचे पाहुणे बघून गेले, त्यांना मुलगी पसंत आहे आणि रविवारी सुपारी फोडायची ठरलीय, हेही माहीत नव्हतं. ताई फोनवर इतकंच म्हणाली होती, "मामाच्या कंपनीचं काय व्हईना, मग पोरगी घरात किती दीस ठिवायची?"

मी तुला हट्ट कर म्हणालो होतो. का केला नाहीस, ते तू एका ओळीत लिहिलंस: "मामा, मी हट्ट केला असता तर आण्णांनी खोदून विचारलं असतं, मला खोटं बोलता आलं नसतं, आणि तुम्ही परत पुलावर गेला असता."

ही ओळ वाचल्यावर मी ओट्यावरच बसून राहिलो. हर्षदा पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, तुमाला बरं वाटत न्हाई का?"

सायली, एकोणीस वर्षांच्या पोरीला पुलाचं लिहायला नको होतं. मला वाटलं होतं मी मन मोकळं करतोय. ते ओझं मी तुझ्या डोक्यावर ठेवलं आणि स्वतः हलका होऊन झोपलो. तू महिनाभर ते घेऊन स्वयंपाक केलास, पाहुण्यांपुढं पोह्यांच्या बश्या नेल्यास आणि आण्णांना माझं खोटं मोठ्यानं वाचून दाखवलंस. मी इतका भित्रा आहे हे मला ठाऊक होतं. माझ्या भित्रेपणाची किंमत दुसऱ्या कुणाला भरावी लागेल, हे मात्र मी बघितलंच नव्हतं.

पुलाचं मघाशी मामीला सांगितलं. ती आधी माझ्या अंगावर ओरडली, मग रडली, आणि म्हणाली की यापुढं असं काही मनात आलं तर मेसवर यायचं, पोळ्या लाटायच्या, पण तिकडं जायचं नाही. मी तिला शब्द दिलाय. त्या बाजूची काळजी तू आता पूर्ण सोड. ही शपथ समज.

उद्या मी कुरकुंभला जातो. तू तोवर कुणाला काही बोलू नकोस, आणि हे तुला शेवटचं सांगतोय. यानंतर तुला गप्प राहा असं मी कधी म्हणणार नाही.

मामा


निमोणे, २५ ऑगस्ट २०२५

सायली,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तुझे कंपनीतले दोन-तीन दिवस झालेले असतील. शुक्रवारी तू आणि ताई रानात होतात, त्यामुळे घरात काय झालं ते तुला अर्धंमुर्धंच कळलं असणार. आण्णा सांगणार नाहीत, म्हणून मी लिहितो.

बुधवारी कुरकुंभला गेलो. गेटवर दोन तास बसवलं. मग आतल्या मॅडमनी बोलावलं. मी म्हटलं, मी तिचा मामा, माझ्या चुकीमुळं तिची तारीख गेली. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठं कामाला?" आणि सायली, मी म्हटलं, "कुठंच नाही. एकवीस महिने झाले." परक्या माणसापुढं हे पहिल्यांदाच बोललो. मला वाटलं त्या आता वर बघतील. त्यांनी फॉर्म शोधता शोधता नुसतं "बरं" म्हटलं. एवढंच असतं ते. एका मुलीनं जॉइन केलं नव्हतं, म्हणून म्हणाल्या की सोमवारी सकाळी कागद घेऊन तिला पाठवा, त्यानंतर आली तर जागा नाही.

म्हणजे रविवारच्या सुपारीच्या आत आण्णांना सांगणं भाग होतं. त्यांच्या शब्दाशिवाय दाजी ना पाहुणे थांबवणार, ना तुला सोडणार. बोलायला माझी जीभ वळणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून सगळं एका कागदावर लिहून घेतलं. पोस्टात टाकलं नाही. टाकलं असतं तर तेही तुलाच वाचावं लागलं असतं. शुक्रवारी मीच कासुर्डीला आलो.

आण्णा ओसरीवर दावं वळत बसले होते. मला बघून बस म्हणाले नाहीत. मी पायरीवर बसलो आणि कागद काढून वाचायला लागलो. 'आण्णा, मी पर्मनंट कधीच नव्हतो.' त्यांचा हात चालूच होता. 'नोकरी जाऊन एकवीस महिने झाले.' चालूच. मेंढरांचं वाचलं, स्टँडवरच्या डब्याचं वाचलं, नीलम पोळ्या लाटते ते वाचलं. दाव्याला पीळ पडत होता. मग लाल शाईचं वाचलं. तेव्हा त्यांचा हात थांबला.

"कसली लाल शाई?"

मी सांगितलं. "तुमच्यापासून जे लपवायचं ते मी सायलीला लाल शाईनं लिहायचो. कुरकुंभला जायचंय म्हणायला तिनं तोंड उघडलं असतं, तर माझं उघडं पडलं असतं. मी जिवाचं बरंवाईट करीन अशी तिला भीती घातली होती. म्हणून ती गप्प राहिली. रविवारची सुपारी माझ्यामुळं आहे, आण्णा."

त्यांनी मान वर करून सरळ माझ्याकडं बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा बघितलं त्यांनी. म्हातारे झालेत गं.

"तुजी नोकरी गेली, ती गेली," म्हणाले. "माजी बी एका सालात चाळीस मेंढरं रोगानं मेली हुती. मी रडलो आन् उरल्याली घिऊन उठलो. त्याचं काय न्हाई. पर तू पोरीच्या तोंडाला मुसकं बांधलंस. पिकातनं नेताना बैलाला मुसकं बांधत्यात, पीक खाऊ नये म्हनून. ती तुजं काय खात हुती रं?"

एकवीस महिने मी एकाच वाक्याला घाबरत होतो, की आण्णा म्हणतील, माझी मेंढरं घालवलीस आणि नोकरीही घालवलीस. ते वाक्य त्यांनी काढलंच नाही. आणि हे जे बोलले, त्याला घाबरायचं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

मी म्हटलं, "आण्णा, सोमवारी तिला जाऊ द्या."

"ती जानार. ते तू सांगायची गरज न्हाई." मग दावं गुंडाळून उठले. पाणी विचारलं नाही. दारात गेल्यावर मागं न बघता म्हणाले, "आन् आता हितं पत्र धाडू नको. पोर कामाला जानार. वाचाया कोन न्हाई."

आत गेले. मी थोडा वेळ थांबलो, मग हायवेपर्यंत चालत आलो.

शनिवारी ताईचा फोन आला. आण्णांनी सकाळीच दाजींना यवतला पाठवलं, "आमची पोर नोकरीला लागली, आता दोन वर्सं थांबा न्हाईतर दुसरी बघा" असा निरोप देऊन. सोमवारी गेटपर्यंत ते स्वतः तुझ्याबरोबर येणार, हेही तिनं सांगितलं. मग ताई मला वाट्टेल तेवढं बोलली. तिला तो हक्क आहे. शेवटी मी विचारलं, माझ्याबद्दल आण्णा काय म्हणाले? ती म्हणाली, "काय न्हाई. नावच काढलं न्हाई तुजं."

नोकरी अजून नाही, सायली. आज सकाळी म्हाळूमामांच्या शेजारच्या रानात कांद्याच्या वाफ्यात होतो, तोंडाला रुमाल न बांधता. रस्त्यानं जाणाऱ्या दोघांनी बघितलं आणि एकानं हाकही मारली. मी हात वर केला.

पण आण्णांचं ते बोलणं डोक्यातून जात नाही. वाचायला कोणी नाही म्हणून पत्र धाडू नको, म्हणजे काय? आता काही कळवायचंच नाही असं, की येऊन तोंडानं सांग असं? मामी म्हणते, पहिलं. मला रात्री पहिलं वाटतं आणि सकाळी दुसरं. तू त्यांना विचारू नकोस. ते विचारायचं काम माझं आहे.

रविवारी मी येतोय. त्यांच्यासमोर पायरीवर बसेन. हाकललं तर त्याच्या पुढच्या रविवारी परत येईन.

मामा